सगळ्यात लांब रांग

मी फार शहाणी आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी चहा प्यावा आणि उठावं. बाकीच्यांनी बसा. पोरीच्या शिक्षणाचं मी एका सकाळीत कसं वाटोळं केलं ते सांगते. हसू आलं तर हसा, माझ्या तोंडाकडे बघू नका.

मी शाळेत चौथीपर्यंत. पुढचं माझं मी शिकले, वाण्याच्या पुड्यांचे कागद वाचून. नाशिकरोडच्या आमच्या वसाहतीत कोणाला अर्ज लिहायचा असला की माझं दार वाजायचं. त्यामुळे मला कोणी काही समजावायला लागलं की माझं डोकंच फिरायचं.

माझी थोरली सुनंदा कॉलेजचं पहिलं वर्ष पास झाली. आता स्पेशल विषय निवडायचा. तिला पाली पाहिजे होती.

"रोज विहारात पालीतली वंदना म्हणतो, आई. तिचा अर्थ जन्मभर दुसऱ्यालाच विचारायचा का?"

"अर्थ कळला म्हणून चूल पेटते का?" मी म्हटलं, आणि पायात चपला घालून तिच्याबरोबर निघाले.

कॉलेजात दोन खिडक्या. एकीपुढे चिटपाखरू नाही. दुसरीपुढे रांग थेट सायकल स्टँडपर्यंत.

ते दिवस तुम्हाला ठाऊक आहेत. रॉकेल, साखर, डालडा. रांग दिसली की आधी उभं राहायचं, काय मिळतंय ते मग विचारायचं. आणि जिथे गिऱ्हाईक नाही तिथलं धान्य किडकं, हे तर आम्ही बायका झोपेतसुद्धा सांगितलं असतं.

"आई, पालीची खिडकी ती बघ."

"दिसतेय. म्हणूनच तिथे कोणी नाही."

पुढचा पोरगा वळला. "मावशी, तुम्ही या रांगेत कशाला?"

"तू कशाला?"

"अर्थशास्त्राचं काम आहे."

मी सुनंदाकडे बघितलं. अर्थशास्त्र म्हणजे बँकेतली खुर्ची, डोक्यावर पंखा. एवढं जग खुळं असतं का?

"आमचंही तेच काम," मी म्हटलं.

"अहो मावशी, पण ही रांग..."

"बाबा रे, रांगेत उभं राहण्यात माझी हयात गेली. तू पुढे सरक."

ऊन डोक्यावर आलं तेव्हा आमचा नंबर लागला. आतल्या क्लार्कनं मान वर न करता विचारलं, "अर्थशास्त्र सोडून काय घेताय?"

"सोडत नाही. घेतोय."

त्यानं मान वर केली. "बाई, हे सगळे अर्थशास्त्र बदलून मागायला आलेत. यंदाचा निकाल बघितला नाही का? अर्धा वर्ग आडवा झालाय."

मागे पोरं फिदीफिदी हसायला लागली. तिथे कोणीही बाई गुपचूप दुसऱ्या खिडकीकडे गेली असती. कोणीही. पण हसलेलं मला कधी सोसलं आहे का?

"माहीत आहे मला," मी म्हटलं. "भित्र्यांनी सोडावं. माझी पोरगी करेल."

क्लार्कनं सुनंदाकडे बघितलं आणि पुढे वाकून हळू आवाजात तिला काहीतरी म्हणाला. मग मला म्हणाला, "मावशी, तुम्ही थकलात. नळावर जाऊन पाणी पिऊन या. तोवर मी करून ठेवतो."

हे मला नवीन नव्हतं. आपली नजर वळली की दुकानदाराचा काटा झुकतो. मी खिडकीचे गज धरले. "तहान नाही मला. शिक्का माझ्यासमोर मारा."

त्यानं मारला. मी रांगेवरून अशी नजर फिरवली, जशी काही लढाई जिंकून आले.

सुनंदा अर्थशास्त्रात नापास झाली. पुन्हा बसली, पुन्हा नापास. तिसऱ्यांदा बसली नाही. मनमाडला रेल्वेतल्या मुलाशी लग्न लावून दिलं. पोरीनं कधी तोंडातून शब्द काढला नाही, आणि तेच मला जास्त लागायचं.

काही वर्षांनी बाळंतपणाला माहेरी आली. दोघी लसूण सोलत बसलो होतो. मी विचारलं, "त्या दिवशी तो क्लार्क तुला काय म्हणाला गं?"

"म्हणाला, आईला जरा लांब जाऊ दे, मी पालीवर शिक्का मारतो."

मी पाकळी सालासकट वाटीत टाकली.

"अगं मग मला डोळ्यानं खुणावायचं तरी."

"खुणावलं की," सुनंदा म्हणाली. "तुला वाटलं कचरा गेला. पदराला फुंकर मारून माझा डोळा शेकत बसलीस."