काकूच्या कादंबरीतला बाप

आमची काकू कादंबरी एकाआड एक प्रकरण वाचायची. तिला वेड एकाच तऱ्हेच्या पुस्तकांचं. दूरच्या मुलखातलं जुनं युद्ध, शत्रूच्या शिपायावर जीव जडलेली पोरगी, लपवून ठेवलेली पत्रं आणि मग आजच्या काळातली तिची नात, जिला ती पत्रं सापडतात. लेखक बिचारा एक प्रकरण तेव्हाचं, एक आत्ताचं अशी नीट वेणी घालायचा आणि काकू ती सरळ सोडून टाकायची. आधी युद्धाची सगळी प्रकरणं वाचून मनसोक्त रडायची, डोळे पुसायची आणि मग नातीकडं वळायची. नातीवर तिचा भारी राग. "तिकडं माणसं मरून राहिलीत, अन् ही बया कॉफी पिऊन राहिली! हिला काय दुःख हाय गं?"

आमचं गाव मुखेड तालुक्यातलं. मी नांदेडला कॉलेजात होते. शनिवारी गावाकडं येताना मुखेडच्या वाचनालयातून तिच्यासाठी पुस्तक आणायचं, हे माझं ठरलेलं काम. घरात पाऊल टाकलं की आई विचारायची, "जेवलीस का?" आणि काकू विचारायची, "लढाईचं हाय का?"

वाचून झालं की ती कादंबरी गल्लीची व्हायची. उन्हाळ्यात दुपारी शेजारणी आमच्या परसात शेवया-पापडाला जमायच्या आणि काकू लाटता लाटता गोष्ट सांगायची. परदेशी नावं तिच्या तोंडात बसायची नाहीत. म्हणून नायिका कायम सुमन, आणि शिपाई कायम 'तो पलीकडचा'. पत्रं लपवायची जागा पुस्तकात काही का असेना, काकूच्या गोष्टीत ती धान्याच्या कणगीतच असायची. शेजारच्या सोजरबाईंनी एकदा पापड हातात धरूनच विचारलं, "पर त्या शिपायाची जात कोनती म्हणायची?" काकू म्हणाली, "शत्रू! ह्याच्याहून मोठी जात आणखी कोनती असती बाई?"

सोजरबाईंचा जीव त्या शिपायात फारच गुंतला. सुमनचं पत्र त्याला पोचेना, म्हणून त्यांनी शनिवारी मारुतीला नारळ फोडला आणि खोबऱ्याचा प्रसाद आमच्या घरी आणून दिला. आता त्यांना कोण सांगणार, की शिपाई पुस्तकातला आहे? काकूनं प्रसाद डोळ्याला लावून खाल्ला आणि दुसऱ्याच दिवशी गोष्टीतलं पत्र पोचवून टाकलं. लेखकानं ते पोचवलं होतं की नाही, देव जाणे.

आता आण्णांचं सांगायला हवं. आण्णा म्हणजे माझे वडील, काकूचे थोरले दीर. थोरल्या दिरासमोर डोक्यावरचा पदर ढळू द्यायचा नाही आणि त्यांच्याशी बोलायचं नाही, ही आमच्याकडची रीत. काकू लग्न होऊन आली तेव्हापासून दोघं एकमेकांशी एक अक्षर बोलले नव्हते. बोलायची वेळ आली की मध्ये आई. दोघं चार हातांवर उभे असायचे आणि आण्णा म्हणायचे, "तिला विचार, दूध तापलं का." आई काकूकडं बघायची. काकू म्हणायची, "अक्का, त्यांना सांगा, तापलं." आई आण्णांकडं बघून म्हणायची, "तापलं." आम्हाला हसू यायचं, त्या तिघांना कधीच आलं नाही.

परसाच्या भिंतीपलीकडं ओसरी. गोष्ट चालू असायची तेव्हा आण्णा तोंडावर पेपर घेऊन तिथं पडलेले असायचे. झोपलेत असं आम्ही समजायचो. एकदा जेवताना त्यांनी आईला हळूच विचारलं, "त्या सुमनचा भाऊ लढाईतून परत आला का गं?" काकू चुलीकडं तोंड करून इतकी हसली की तिला ठसका लागला.

माझ्या शेवटच्या वर्षाला बालाजीचं प्रकरण घरी कळलं. बालाजी किल्लारीचा, कॉलेजात माझ्या पुढं होता, नुकताच लातूरला एका शाळेवर लागला होता. मुलगा चांगला, घर चांगलं. जात मात्र वेगळी. आण्णा ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. माझा मोबाईल घेऊन त्यांनी लोखंडी कपाटात ठेवला, किल्ली जानव्यासारखी गळ्यात अडकवली आणि हिमायतनगरच्या एका स्थळाला पुढच्या आठवड्यात बघायला या म्हणून निरोप धाडला. मी रडून रडून बेजार. आई गप्प. काकूही गप्प. मला तिचा फार राग आला. पुस्तकातल्या पोरींसाठी ढसाढसा रडते आणि घरातल्या पोरीसाठी एक शब्द नाही!

दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं नवी गोष्ट काढली. ह्या खेपेला सुमनला बाप होता. आजवर तिच्या गोष्टीत बापाला कधी फारसं काम नसायचं. ह्या बापाला मात्र भरपूर होतं. पलीकडच्याची पत्रं यायची आणि बाप ती गुपचूप कणगीत टाकायचा. वाईट नव्हता हो तो. लेकीला ताप आला की रात्र रात्र बसणारा होता. फक्त लोक काय म्हणतील, याला भ्यायचा. काकू हे असं सांगत होती की सोजरबाईंना बापाला शिव्या द्याव्यात की त्याची कीव करावी, कळेना. सुमनचं लग्न दुसरीकडं झालं. वर्षं गेली. बाप म्हातारा झाला, अंथरुणाला खिळला. सुमन माहेरी आली, त्याच्या उशाशी बसली आणि तिनं विचारलं, "बाबा, माझ्या नावानं कधी काही आलं होतं का?"

इथं काकूनं लाटणं खाली ठेवलं. "पुढची पानं फाटलीत."

शेजारणींनी नुसता गलका केला. संध्याकाळी आण्णा आईला म्हणाले, "तिला विचार, पुढं काय झालं." काकू म्हणाली, "अक्का, सांगा त्यांना, पानं फाटलीत." दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. आण्णांना जेवण जाईना. तिसऱ्या दिवशी दुपारी ते स्वतः परसाच्या दारात येऊन उभे राहिले. आम्ही सगळ्या जागच्या जागी थिजलो. काकूला काय म्हणून हाक मारावी, हे त्यांना माहीतच नव्हतं. भिंतीकडं बघत ते म्हणाले, "त्या बापानं पोरीला काय सांगितलं?"

काकूनं पदर पुढं ओढला. पण ती आईकडं वळली नाही. "दादा," ती म्हणाली, "त्यानं अजून काहीच सांगितलं न्हाई. आम्ही समद्या वाट बघून राहिलो."

आण्णा आत गेले. कपाटाचं दार करकरलं. बाहेर येऊन त्यांनी मोबाईल माझ्या हातात दिला. "त्या पोराला म्हणावं, वडीलधाऱ्यांना घेऊन ये. मला काय विचारायचं ते मी समोर विचारीन."

त्यांनी पुष्कळ विचारलं. भावकी रुसली, दोन आत्या लग्नाला आल्या नाहीत. पण लग्न झालं, आणि आण्णांनी मांडवात डोक्याला फेटा बांधून पाहुण्यांना हाताला धरून पंगतीला बसवलं.

लग्नाच्या आधी ते पुस्तक वाचनालयात परत करायला मीच नेलं. बसमध्ये उघडून बघते, तर पानं सगळी शाबूत. आणि नायिकेचा बाप? तो युद्ध सुरू व्हायच्या आधी, पहिल्याच प्रकरणात मेलेला!

लातूरला निघताना गाडीपाशी सगळे रडत होते. काकूच्या गळ्यात पडून मी तिच्या कानात म्हटलं, "काकू, पुस्तकात तर बाप मेला होता गं."

तिनं पदरानं माझं तोंड पुसलं, मग स्वतःचं.

"मेलेल्या बापाला घेऊन मी काय करू?" ती म्हणाली. "आपल्याला जिता लागत होता. तो घरातच होता."