मोठ्या आईचा सांडव्याचा प्रश्न

"सांडव्याचं काय झालं रे?" असं मोठ्या आईने विचारलं, तेव्हा तिच्या नाकात नळी होती आणि माझ्या हातात नारळपाण्याचा ग्लास. गोंदियातल्या दवाखान्यात खिडकीजवळची खाट मिळाली होती, म्हणून आम्ही सगळे उगाच खूश होतो. मी म्हणालो, "काम सुरू आहे, मोठी आई. सगळ्यांशी बोलणं चालू आहे." ती हसली. नळीमुळे हसू एकाच बाजूने आलं. "तू कोन्या खात्यात लागला रे?" सिस्टर तिकडून ओरडली, "माताजी, बातें बाद में, पहले ठीक से साँस लो." मोठ्या आईने डोळे मिटले आणि मी ग्लासातलं उरलेलं पाणी स्वतःच पिऊन टाकलं... आमचं शेवटचं बोलणं ते एवढंच. दुसऱ्या दिवशी सकाळी फुलचूरच्या माझ्या तांदळाच्या दुकानात मी बारदाना उतरवून घेत होतो, तेव्हा चुलतभाऊ सुरेशचा फोन आला. "आई गेली." मी ट्रकवाल्याला म्हणालो, "भैया, बाकी कल उतारेंगे," आणि गोणपाटांच्या गठ्ठ्यावर बसून राहिलो. रडू आलं ते खरंच, पण त्याआधी तिचं ते एका बाजूचं हसू आठवलं आणि कान गरम झाले. महिना उलटला, अजून होतात.

मोठी आई म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. त्या भावाला आम्ही मोठे बाबा म्हणतो. आमचं गाव सौंदडच्या पुढे, धानाच्या बांध्यांमध्ये, म्हणजे खाचरांमध्ये, बसलेलं. आम्ही तलाव बांधणाऱ्यांच्या घरचे. गावचा मोठा तलाव आमच्या कोणत्या तरी पणज्याच्या पणज्याने बांधला. त्या पुण्याईवर आमचं घर इतकी वर्षं जगलं की कोणी घाम गाळण्याची गरजच उरली नाही. अजूनही धानाला पाणी सोडायचं तेव्हा गाव आमच्या दाराशी येतं. तलावाचं पाणी सोडायचं दार पहिल्यांदा आमच्याच घरच्या माणसाच्या हाताने उघडायचं, हा मान. एकदा तो माझ्या वाट्याला आला होता. मला ते दार उघडता येईना, मागून टोलीवरच्या, म्हणजे गावाबाहेरच्या वस्तीतल्या, डोमाजी शेतकऱ्याने हात लावला तेव्हा कुठे पाणी वाहिलं, आणि फेटा मात्र मला बांधला.

आता पाहुण्यांना आम्ही जे सांगत नाही ते. तलावाच्या पोटात आमच्या बांध्या आहेत. आजोबांच्या काळी एका कोरड्या सालात उघड्या पडलेल्या गाळात धान टाकला, तो भरघोस आला. पुढच्या साली तिथे धुरे, म्हणजे बांध, घातले गेले, मग ते उंच झाले, आणि मग ते शेत "आपलं" झालं. तलाव पूर्ण भरला तर या बांध्या बुडतात. म्हणून दर मृगात आमची माणसं जाऊन सांडव्याच्या वरच्या दोन ओळींतले, टोलीवरच्यांनी उन्हाळ्यात परत बसवलेले दगड काढून ठेवतात. जास्तीचं पाणी लवकर वाहून जातं, तलाव भरतच नाही, आमचा चिन्नोर, वासाचा धान, सुखरूप राहतो. आणि शेवटच्या टोकाला, डोमाजीच्या टोलीवर, धान ऐन निसव्यावर, लोंब्या फुटत असताना पाणी संपतं. तलाव बांधणाऱ्यांच्या घराने तलाव भरू द्यायचा नाही, ही अक्कल आमच्याच डोक्यातून निघू शकते.

मोठ्या आईला हे सगळं लग्नापासून दिसत होतं. पण आमच्या घरात सुनेने शेताचा प्रश्न विचारला की मोठे बाबा पानाचा डबा उघडत आणि तो बंद होईपर्यंत प्रश्न मेलेला असे. मग आमच्या भागाची जागा बाईसाठी राखीव झाली. मोठ्या बाबांना पुढारीपणाची हौस होती, त्यांनी बायकोला उभं केलं. ती निवडून आली. कोणत्या सभागृहात ते सांगत नाही, त्यातली अर्धी माणसं आमच्या नात्यात आहेत. दर सभेला मी तिला मोटारीने नेत असे, कारण दुकानापेक्षा ते काम सोपं होतं, आणि मागच्या बाकावर बसून चहा पीत असे. काय बोलायचं ते मोठे बाबा घरून पढवून पाठवत. तिने पहिल्या सभेत ते सगळं नीट ऐकवलं, आणि खाली बसता बसता म्हणाली, "हे आमच्या मालकायचं झालं. आता मी विचारू का?"

तिथून तिचे प्रश्न सुरू झाले. सभागृहात प्रश्न लेखी द्यायचा असतो आणि उत्तर विभागाचा साहेब उभा राहून वाचतो. तिचा पहिला प्रश्न दंडारीचा, म्हणजे आमच्याकडच्या लोकनाट्याचा होता. गावागावातली दंडार मंडळं बंद पडत आहेत, हे खरे आहे काय? उत्तर आलं, "माहिती संकलित करण्यात येत आहे." ती म्हणाली, "संकलन कायले करता? दिवाळीनंतर आमच्या गावच्या मंडईची जत्रा आहे, या. राधा बनणारा पोरगा हैदराबादले विटा उचलून राहिला, त्याच्या बदल्यात डोमाजी राधा बनते. मिशा पाहून या." सभागृह हसलं. दुसरा प्रश्न शेतीचा. टोलीवरचा धान दरवर्षी पोचट काऊन राहते? उत्तर, "हे अंशतः खरे आहे. शेतकऱ्यांना मार्गदर्शन करण्यात येईल." तिसरा तर पाखरांचा. आमच्या तलावावर सारसाची एक जोडी असायची, ती यायची बंद झाली, कारण काय? साहेबांनी गंभीर चेहऱ्याने वाचलं, "सारस पक्ष्यांच्या येण्याजाण्यावर विभागाचे नियंत्रण नाही." मी मागे बसून चहा नाकातून काढला.

घरी आम्हाला नवाच खेळ मिळाला. सुरेश विचारी, "आई, वरणात मीठ विसरली हे खरे आहे काय?" ती म्हणे, "अंशतः." मी विचारी, "असल्यास कोणती कारवाई करण्यात आली?" ती लोणच्याची बरणी पुढे सरकवून म्हणे, "प्रश्न उद्भवत नाही." आम्ही पोट धरून हसत होतो. ती नेमकं काय करत होती ते कोणाच्याच लक्षात आलं नाही. दंडारीचा पोरगा हैदराबादला गेला तो टोलीवरचा. धान पोचट तोही टोलीवरचा. सारस बसायचे ते भरलेल्या तलावाच्या उथळ काठाला. तीन वेगवेगळ्या खात्यांना ती एकच प्रश्न विचारत होती, आणि तिन्ही खाती आपापल्या दिशेला बघून उत्तर देत होती. सांडव्याचं नाव तिने अजून घेतलं नव्हतं. मला वाटतं ती वाट पाहत होती... कोणीतरी परक्याने ते मोठ्याने बोलावं, म्हणजे घरात तिला बोलावं लागणार नाही.

मग तिने सरळच विचारलं. तलाव पूर्ण भरत नाही, हे खरे आहे काय? असल्यास कारण काय? या वेळी मात्र साहेब लोक पाहणीला आले. मोठ्या बाबांनी मला फर्मान सोडलं, "जेवनाचं तू पाय." असल्या कामात मी हुशार. तलावाच्या पाळीवरच्या, म्हणजे बांधावरच्या, आमच्या झोपडीत सतरंज्या टाकल्या, तलावातले मासे आणि चिन्नोरचा भात केला. वास पार गावापर्यंत गेला. मोठ्या आईने स्वतः वाढलं. साहेब बोटं चाटत म्हणाले, "काय तांदूळ आहे हो!" मोठे बाबा म्हणाले, "तलावाच्या गाळातला." म्हणजे कबुलीजबाबच दिला, तोही अभिमानाने, आणि साहेबांनी अजून एक वाढून घेतलं. मी पण घेतलं.

पुढच्या सभेत उत्तर आलं. तलाव गाळाने भरला आहे, निधी आल्यावर गाळ काढण्यात येईल. मोठी आई उभी राहिली. "तलावाच्या पोटात कोनाचं अतिक्रमन आहे का?" साहेबांनी कागद न बघताच सांगितलं, "अतिक्रमण आढळून आले नाही." सन्माननीय सदस्यांचा मान राखत होते बिचारे. ती म्हणाली, "साहेब, तुमी जिथं बसून जेवले ना, तिथून समोर माह्याच बांध्या दिसत होत्या. तुमी मासा खाता खाता मान खाली घातली असन, पन भात तर ताटात होता. तो तिथलाच." असा हशा उठला की मीच बाकाखाली जावं म्हटलं. अध्यक्ष डोळे पुसत म्हणाले, "ताई, घरचा विषय घरी सोडवा. सभागृहाचा वेळ कायले घेता?" कार्यवृत्तात काहीच गेलं नाही. सरकारने तिच्याच घराची अब्रू वाचवायला तिला खोटं पाडलं, आणि ती खाली बसली.

घरी बातमी आमच्या आधी पोहोचली होती. मोठे बाबा ओसरीवर पानाचा डबा घेऊन बसले होते. ती म्हणाली, "सभागृह म्हनते घरी विचारा. म्हनून घरी विचारून राहिली. सांडव्याचे दगड परत कधी लावता?" डबा उघडला. मोठे बाबा म्हणाले, "सभागृहाचा विषय आहे, तिथंच मांड." आम्ही सगळे तिथेच होतो. मी, सुरेश, त्याची बायको, माझी बायको. त्या बांध्यांत माझाही वाटा आहे, आणि फुलचूरला तोच चिन्नोर मी "खास गाळाचा" म्हणून चढ्या भावाने विकत होतो. मी म्हणालो, "बसून बोलू ना, मोठी आई." बसून बोलणं आमच्याकडे कधीच झालं नाही. तिची मुदत संपली, गुडघे दुखू लागले, मग फुप्फुसं. दर मृगात दगड निघत राहिले. डोमाजी दर साली नारळ घेऊन येई आणि ओसरीवर टेकत म्हणे, "चला पाटील, दार उघडा. पानी किती आहे ते आमी नाई पायत, तुमचा मान तेवढा पायतो." आम्ही त्याला विनोद समजून चहा देत होतो.

तेरवी झाली, पाहुणे पांगले. मी दोन दिवस राहिलो. दुसऱ्या दिवशीच्या जेवणाला आम्ही सगळे स्वयंपाकघरातच बसलो होतो. वहिनी, सुरेशची बायको, वाढत होती. सुरेश म्हणाला, "बाबा, मृग जवळ आला. सांडव्याचे दगड काढायला मानसं कधी लावू?" मोठ्या बाबांनी ताट जरासं पुढे सरकवलं. मला वाटलं भूक मेली असेल. ते वहिनीला म्हणाले, "तिच्या गंजात शिजव."

फळीवर कोपऱ्यात एक लहान गंज होता, जर्मनचं पातेलं, बुडाला काळा, काठाला पोचा. मोठी आई त्यात स्वतःपुरता भात वेगळा करायची. जाडा, लालसर, वास नसलेला. आम्ही समजून चाललो होतो की तिला साखर होती म्हणून ती असला भात खाते. वहिनी घुटमळली. "बाबा, तो तांदूळ वेगळा असायचा. आईसाठी डोमाजीकडून विकत आनत होतो. साखरेसाठी."

"साखर तिले मागच्या साली झाली," मोठे बाबा म्हणाले. "त्या सभेतून आली त्या दिवसापासून तिनं आपला चिन्नोर तोंडात नाई घातला. मी समोरच जेवत होतो ना रोज."

सुरेश ताटात बघत होता, मीही. इतकी वर्षं तो गंज आमच्यासमोर चुलीवर चढत होता आणि त्यातला भात तिच्या ताटात पडत होता. ती काही लपवत नव्हती, आणि आम्ही तिला पथ्य विचारत होतो... मोठ्या बाबांनी विचारलंच नव्हतं, कारण त्यांना माहीत होतं. माहीत असून रोज तिच्यासमोर चिन्नोर कालवून खाणं कसं जमलं असेल, हा प्रश्न मी मोठ्या बाबांना विचारू शकलो नाही. माझ्याही ताटात तोच होता.

वहिनीने डब्यातला उरलेला जाडा तांदूळ धुतला आणि गंज चुलीवर ठेवला. शिजेपर्यंत आम्ही तसेच बसून राहिलो, हात वाळत. सुरेशने हळूच पुन्हा विचारलं, "मग मानसांचं?"

"दगड राहू दे," मोठे बाबा म्हणाले. "काढलेले आहेत तेही लाव. डोमाजीले संगं घे, त्याले जागा माहीत आहे. बुडू दे."

भात झाला. वहिनीने त्यांच्या ताटात वाढला, वाफ वर आली, वास काहीच नाही. ते वरण न घेता तसाच खाऊ लागले. मी माझं ताट पुढे केलं. वहिनीने गंजात डोकावून पाहिलं, मग माझ्याकडे.

"एकाचाच होते याच्यात, भाऊजी," ती म्हणाली, आणि माझ्या ताटातला चिन्नोर तसाच राहिला.