न जुंपलेला गाडा

राजुरीला आमची घरची जमीन फारशी नव्हती. कोथिंबिरीच्या जुड्या सायकलवर लादून आळेफाट्याला विकायच्या, इथून मी सुरुवात केली. आज तिथेच माझा कांद्याचा गाळा आहे. भाव करताना मी आधी नाही म्हणतो. का नाही म्हटलं, ते नंतर ठरवतो. या सवयीने माझं घर उभं केलं, त्यामुळे तिच्याबद्दल मला कोणी शिकवू नये. माझा साडू मात्र शिकवायचा.

साडू म्हणजे बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. मंचरजवळ त्याची वडिलांकडून आलेली बागायत. वाद घालायला त्याला कारण लागायचं नाही, आणि मलाही. लग्नाच्या पंगतीत मठ्ठ्यात मीठ कमी की जास्त, एवढ्यावर आमचं सुरू व्हायचं. लोक मुद्दाम जवळ येऊन बसायचे. "लागले बघा मामांचे दोन्ही रेडिओ," म्हणायचे. मामा म्हणजे आमचे सासरे.

बैलगाड्यांच्या शर्यतींवरची बंदी उठली तेव्हा आम्ही दोघांनी भागीत गाडा केला. गाड्याला चार बैल लागतात. पुढची जोडी साडूच्या भावकीतल्या एकाची. मागे, गाड्याजवळ, डावीकडे माझा बैल आणि उजवीकडे साडूचा. शेजारी शेजारी पळून ते दोघे एकमेकांच्या अंगवळणी पडले होते. हे ऐकून सासरे म्हणाले, "एकदा आमच्या यात्रेत दोन्ही जावयांचा गाडा पळू द्या. मला बघायचाय." त्यांचं गाव घोडेगावच्या अलीकडे, यात्रा चैत्रात. सासऱ्यांनी त्याआधी आमच्याकडे कधी काही मागितल्याचं मला आठवत नाही.

त्या यात्रेच्या काही आठवडे आधी येडगावकडच्या एका यात्रेत आमचा गाडा पळाला. शर्यतीचा घाट म्हणजे चढाची वाट, बघता बघता संपते. गाडा चांगला पळाला, पण नंबर थोडक्यात हुकला. बैल टेम्पोत चढवायच्या आधीच साडू म्हणाला, "तुमचा बैल मधीच गर्दीकडं बघत व्हता, पावणं."

"माझा? तुझा उजवीकडं ओढत व्हता. सगळा गाडा तिरका आणला त्यानं."

"न्हाई हो. माझा नाकासमोर चालतो. मालकावर गेलाय."

"मालकावर गेलाय म्हणूनच तिरका गेला."

भोवतालचे हसले. पुढच्या जोडीच्या मालकाने मोबाईल पुढे केला. त्याच्या मेव्हण्याने कडेला उभं राहून सगळं पळणं टिपलं होतं. "हे घ्या, बघा अन् मिटवा एकदाचं."

"ठेव तो खिशात," मी म्हणालो. "मोबाईलमधी बैलाचं काय कळतंय?"

"बरोबर हाय," साडू म्हणाला.

तो व्हिडिओ आम्ही दोघांनी कधीच पाहिला नाही. भांडण मात्र फोनवर चालू राहिलं. तो म्हणाला, "तुमचा बैल तुमच्या कांद्याच्या गोणीसारखा हाय, वरच्या थरातच चांगला." मी म्हणालो, "तुझा बैल बापाच्या जिवावर चरलाय, त्याला चढ काय कळणार?" त्याचा फोन स्पीकरवर होता, त्यामुळे हे बोलणं त्याच्या घरातल्या सगळ्यांनी ऐकलं. माझ्या बायकोने बहिणीला फोन करणं कमी केलं. केला तरी मागच्या दारी जाऊन बोलायची.

यात्रा जवळ आली तसं सासऱ्यांनी आम्हाला बोलावून घेतलं. पडवीत चहा आला. सासरे म्हणाले, "कोण खरा, ते मला नका सांगू. बैल जुंपणार का न्हाई, तेवढं बोला."

साडूने कप खाली ठेवला. "जाऊ द्या, मामा. माझाच बैल तिरका गेला आसंल."

पहिल्याच भावाला समोरचा हो म्हणाला की मला चैन पडत नाही. वाटतं, याला काहीतरी माहीत आहे, जे मला नाही. मी म्हणालो, "आसंल म्हणजे? म्हणायचं तर नीट म्हण."

"नीटच म्हणतोय. तिरका गेला."

"कसा जाईल तिरका? आजवर कधी गेलाय का तो बैल तिरका?"

"अवो, माझा बैल हाय. मला म्हाईत न्हाई का?"

"तुला काय कळतंय त्यातलं! माझाच बघत आसंल गर्दीकडं."

"तुमचा कशाला बघंल? उगं मुक्या जनावरावर आळ घेऊ नका."

मेव्हणी कपबश्या न्यायला आली होती. ती ट्रे धरून तशीच उभी राहिली. "दाजी, आवो, आता तुमी ह्यांचं बोलताय अन् हे तुमचं."

सासूबाई पदर तोंडाला लावून हसल्या. सासरे हसले नाहीत. साडूने माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे. मग मी मेव्हणीला म्हणालो, "तू मधी बोलू नको." त्यानेही तिला तेच सांगितलं, आणि आम्ही पुन्हा सुरू झालो. शेवटी तो उठून चपला घालायला लागला. "माझा बैल तुमच्या शेजारी उभा राहायचा न्हाई."

"मागतंय कोण?" मी म्हणालो.

सासऱ्यांनी बशीतला चहा संपवला.

यात्रेच्या आधी साडूने बैल विकला. हे मला गाळ्यावर आलेल्या एका खेडच्या माणसाकडून कळलं. विकला याचं मला काही नाही. मला सांगितलं असतं तर मी चार पैसे वाढवून दिले असते. पण आमच्या भागीतला बैल त्याने एका शब्दानेही न विचारता काढला, भांडायलासुद्धा आला नाही, हे मी विसरलेलो नाही. मी फोन लावला. काय काय बोलायचं ते जुळवून ठेवलं होतं.

"इकला म्हणं बैल?"

"हा, इकला."

मी "बरं" म्हणालो आणि फोन ठेवला. आता राग येईल म्हणून मी थोडा वेळ बसून राहिलो. आला नाही. समोर कांदा ओतलेला होता. व्यापारी भाव बोलला, मी नाही म्हणालो. तो निघून गेला, तरी मी त्याला हाक मारली नाही. संध्याकाळी बैलासमोर वैरण टाकली. तो खात होता. त्याला शर्यतीला न्यावं, दुसऱ्या कोणाशी भागी करावी, असं काही मनात आलं नाही.

यात्रेला गेलो, कारण बायकोला माहेरी न्यायचं होतं. घाटाशेजारच्या मांडवात सासऱ्यांना खुर्ची दिली होती. एका बाजूला मी बसलो. थोड्या वेळाने साडू आला आणि दुसऱ्या बाजूला बसला. कांद्याला यंदा दम नाही, असं तो म्हणाला. मी हो म्हणालो. ऊन फार आहे, असं मी म्हणालो. तो हो म्हणाला. स्पीकरवरचा माणूस फार ओरडतोय, यावरही आमचं एकमत झालं. समोरून लोकांचे गाडे पळत होते.

एक गाडा अगदी थोडक्यात मागे पडला. सासरे खुर्चीत पुढे सरकले. "कोणता बैल कमी पडला, पावणं?"

"दिसलं न्हाई, मामा," साडू म्हणाला. "धुरळा व्हता."

"मला पण न्हाई दिसलं," मी म्हणालो.

सासऱ्यांनी दोघांकडे पाहिलं. मग काठी टेकून उठले. "चला घरी, जेवून घ्या," म्हणाले. निम्म्याहून जास्त गाडे अजून पळायचे होते.