आधी वाटी वाजली

आमच्या साडूंइतका संशयी माणूस लातूर जिल्ह्यात दुसरा झाला नाही. आयुष्यभर भाव पाडत आलेला माझ्यासारखा माणूस हे म्हणतोय, म्हणजे बघा. मी निदान माणसांवरच संशय घेतो. साडू घरांवर, खुर्च्यांवर, आमटीवर आणि यंत्रांवरही घेतात. अहमदपूरच्या शाळेत ते विज्ञान शिकवायचे. औसा तालुक्यातलं त्यांचं गाव भूकंपात बसलं आणि आई-वडील त्यातच गेले. तेव्हापासून कुणाच्याही घरात शिरले की आधी छताकडे बघणार, मग दार कुठल्या बाजूला उघडतं ते बघणार, आणि त्यानंतर यजमानाला ‘कसं काय’ विचारणार. मंगल कार्यालयात दाराजवळची खुर्ची त्यांची ठरलेली. मुक्कामाला आले की पिशवीतून पितळी तांब्या निघायचा. तो उशाशी पालथा घालायचा, त्यावर वाटी, वाटीवर फुलपात्र, अशी उतरंड रचायची. जमीन हलली तर भांडी वाजतील, ही योजना. भूकंपानंतर कितीतरी महिने सगळा भागच अशी भांडी रचून झोपत होता. बाकीच्यांची भांडी हळूहळू फडताळात परत गेली, साडूंची पिशवीतच राहिली. एकदा आमच्या मांजरानं ती उतरंड पाडली, तेव्हा साडू, मेहुणी आणि निम्मी गल्ली रस्त्यावर आली. मांजर तेवढं आत राहिलं.

त्यांचं दुसरं वेड म्हणजे ‘एका टायमाला एकच’. कशातही बिघाड झाला की एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि काय होतं ते बघायचं. आमटी बिघडली, तर मेहुणीनं ती रोज एकेक जिन्नस वगळून करायची. आज चिंच नाही, उद्या गूळ नाही. मीठ वगळायची पाळी आली त्या दिवशी मेहुणी थेट आमच्याकडे निघून आली. “बाई वगळून आमटी सुधारती का, ते बघून राहिले असतील आता,” म्हणाली आणि आमच्या चुलीपुढं बसली.

आता माझं दुखणं सांगतो. कचेरीबाहेर टाइपरायटर घेऊन बसणारा मी. लातुरात क्लासेसचं पेव फुटलं, तेव्हा त्यांच्या प्रश्नपत्रिका करायच्या म्हणून नांदेडहून कॉम्प्युटर आणला. व्यापाऱ्याशी अशी घासाघीस केली की शेवटी त्यानंच पाणी मागितलं. पण मशीन लातुरात आलं आणि हँग व्हायला लागलं. सूत्रं, आकृत्या घालून पेपर होत आला की पडद्यावरचा बाण गप्प. बंद करा, चालू करा, पुन्हा लिहा. व्यापारी फोनवर म्हणायचा, “व्हायरस हाय, फॉरमॅट मारा.” मारला. काही फरक नाही. शेवटी मशीन मांडीवर घेऊन एसटीनं नांदेडला गेलो, तर तिथं ते दिवसभर मुकाट्यानं चाललं. मी म्हटलं, गरम होऊन बसत असेल. “गरम मशीन न्हाई मालक, गरम तुम्ही हायेत,” तो भर गिऱ्हाइकांत म्हणाला. त्या क्षणी मी शपथ घेतली, पुन्हा नांदेडात पाय ठेवणार नाही. इकडं क्लासच्या सरांनी सांगून टाकलं, रविवारच्या चाचणीचा पेपर वेळेत आला नाही तर सगळं काम दुसऱ्याकडं जाईल. ते काम गेलं असतं तर मी पुन्हा कचेरीबाहेरच बसलो असतो.

मे महिन्याची सुटी होती. साडू आले, दुकानाच्या छताकडे बघून घेतलं आणि बाह्या सारून बसले. “साडूभाऊ, गुन्हेगार आतच हाय. पळून कुठं जातो?” आधी म्हणाले पंखा. पंखा बदलला, मशीन हँग झालं. मग मेमरीची पट्टी काढून खोडरबरानं घासली, तरी हँग. घरातून वेगळी वायर ओढली, तरी हँग. दर वेळी ठाम सांगायचे आणि दर वेळी चुकायचे, पण चेहरा पडायचा नाही. “एक निर्दोष सुटला,” म्हणायचे आणि पुढचा आरोपी धरायचे.

“तुमचा निकाल लागेपर्यंत रविवार उलटून जाईल!” मी ओरडलो.

“वरडून मशीन चालती का? ते बी बघू, पण एका टायमाला एकच.”

शुक्रवारी दुपारी जेवून ते दुकानातच आडवे झाले. जागा नव्हती म्हणून उतरंड कॉम्प्युटरच्या कॅबिनेटवर रचली. मी पेपर लिहीत होतो. तेवढ्यात वाटी खणखणली, फुलपात्र माझ्या मांडीवर पडलं आणि साडू बनियनवर रस्त्यावर. “बाहेर या! बाहेर या!” समोरच्या क्लासमधली पोरं खिडकीत गोळा झाली. कुठं काही हललं नव्हतं. लोक हसायला लागले. मी त्यांना दंडाला धरून आत आणलं आणि म्हणालो, “चारचौघांत लाज घालवली तुम्ही!”

ते शांतपणे म्हणाले, “साडूभाऊ, त्या पहाटे आमच्या घरात आधी काहीच वाजलं न्हाई.”

मी त्यांचा दंड सोडला. पण साडूंची नजर तोवर पडद्यावर गेली होती. बाण गप्प होता. “आधी वाटी वाजली, मग मशीन बसलं,” ते हळूच म्हणाले आणि कान टवकारले. भिंतीपलीकडं शेजारच्या काकूंचं मिरची कांडायचं यंत्र, म्हणजे कांडप, जेवणाच्या सुटीनंतर नुकतंच सुरू झालं होतं. धडाम, धडाम. रोजचा आवाज, माझा कान मेला होता.

साडू दोन्ही दुकानांच्या मधल्या दारात उभे राहिले. “काकू, बंद करा!” मशीन चालू केलं, नीट चाललं. “काकू, लावा!” थोड्याच वेळात हँग. “बंद!” “लावा!”

“गुरुजी, मिरची कांडू का कवायत करू?” काकू तिखटानं लाल झालेले हात कमरेवर ठेवून विचारत होत्या.

मग कॅबिनेट आडवं करून नीट पाहिलं. मदरबोर्डच्या एका कडेला स्क्रूच नव्हते. ती कड अधांतरी होती आणि मेमरीच्या पट्टीचा खटका सैल. कांडपाच्या दर ठोक्याला बोर्ड थरथरायचा आणि पट्टी जागची ढिली व्हायची. नांदेडात शेजारी कुणी मिरची कांडत नव्हतं, म्हणून तिथं सगळं ठीक. साडूंनी स्क्रू बसवले, खटका आवळला आणि टेबलाच्या पायांखाली सायकलच्या टायरचे तुकडे सारले. काकूंना म्हणाले, “आता सगळ्या लातूरची मिरची कांडा.” पेपर वेळेत गेला. मी व्यापाऱ्याला फोन लावला. तो म्हणतो, “भाव तुम्हीच पाडला होता ना?” म्हटलं, “भाव पाडला होता, स्क्रू पाडायला सांगितलं नव्हतं!” हा राग माझ्या पोटात अजून ताजा आहे.

जाताना साडूंनी उतरंड कॅबिनेटवरच ठेवली. “राहू द्या. आपल्याला दुसरी हाय.” त्यानंतर कॉम्प्युटर किती बदलले, पण तांब्या, वाटी आणि फुलपात्र तिथंच आहेत. काकूंचं कांडप बंद पडलं, लोक पाकिटातलं तिखट खातात. वाटी आता वाजत नाही. साडू रिटायर होऊन नांदेडजवळ विष्णुपुरीला मुलाकडं राहतात, गुडघ्यांमुळं फारसे बाहेर पडत नाहीत. फोन केला की पहिला प्रश्न ठरलेला, “वाटी वाजती का?” मी ‘न्हाई’ म्हणतो. “मग बरं हाय,” म्हणतात. तरी फोन काही ठेवत नाहीत.

परवा मला काय वाटलं कोण जाणे. फोन वाटीजवळ धरला आणि नखानं टिचकी मारली.

“वाजली की हो!” ते एकदम ताजे झाले. “मग बसलात काय? बाहेर पळा! सरळ नांदेडची यष्टी पकडा.”

माझी शपथ फक्त व्यापारपेठेपुरती होती, विष्णुपुरी तीत धरलेली नव्हती, असं मी ठरवून टाकलं आहे.