शोभेची बटणं

शिंपीणबाईंच्या हट्टाला अख्खी गल्ली टरकून असे. गिऱ्हाईक म्हणालं, "जुनंच माप धरा," की बाई गळ्यातला टेप काढून त्याला उभं करणारच. अशा बाईकडे टीव्हीवाल्यांनी मालिकेच्या परवानगीची सही मागायला यावं, म्हणजे विकतचं दुखणंच की.

मालिका त्यांच्याच घरावर निघाली होती. अकरा वर्षांपूर्वी बाईंच्या सख्ख्या दादाने, घर नावावर व्हावं म्हणून, आजारी वडिलांच्या तोंडावर उशी दाबली. बाबा झोपेतच गेले, असं त्याने सांगितलं आणि सगळ्यांनी मानलंही. एकट्या बाईंनी मानलं नाही. बाबांच्या अंगातल्या शर्टावरून त्यांनी साक्ष दिली, दादाला जन्मठेप झाली, आणि त्या दिवसापासून आईने बाईंशी बोलणं टाकलं. राहायची लेकीकडे, जेवायची लेकीच्या हातचं, पण तोंडाला कुलूप. कोर्टात काय पुरावा झाला, हे तिने कधी ऐकूनच घेतलं नाही. विषय निघाला की ती उठून आत जायची.

सही मागायला आलेली लेखिका चष्मेवाली, गोड पोरगी होती. तिने पहिला भाग मशीनवर ठेवला. बाईंनी शेवटचं पान आधी वाचलं. त्यात बाप मुलीच्या स्वप्नात येतो, रडतो, आणि मुलीला खून कळतो.

"इतकं कामाचं स्वप्न मला जन्मात पडलं नाही, पोरी."

"मावशी, लोकांना हेच आवडतं. शर्टाचं कोणाच्या लक्षात येणार?"

"माझ्या आईच्या यायला हवं. ती रोज आठ वाजता तुमचाच चॅनल लावते. स्वप्न पडलं म्हणून मी तिचा मुलगा तुरुंगात धाडला, असं तिने पाहिलं तर ती मरेपर्यंत माझ्याशी बोलायची नाही. सही मिळणार नाही."

पोरगी हिरमुसून गेली. दुसऱ्या दिवशी बाई दुकानाला कुलूप लावून थेट स्टुडिओत हजर.

"ताई, भावना महत्त्वाच्या असतात," दिग्दर्शक म्हणाला. भावना, म्हणे. जसा काही बाईंच्या घरात भावनांचा दुष्काळ पडला होता. बाईंनी पिशवीतून दोन शर्ट काढले आणि बाबांचं काम करणाऱ्या म्हाताऱ्या नटापुढे ठेवले.

"झटका आल्यापासून बाबांची बोटं थरथरायची. तीन वर्षं त्यांना बटण लावता आलं नाही, आणि दुसऱ्याने लावून दिलेलं खपायचं नाही. म्हणून मी त्यांच्या शर्टांची काजं शिवून बंद केली. वरचं बटण नुसतं शोभेला, आत टिचबटण. दाबलं की बसलं. दादा कधी जवळ बसला असता तर त्याला कळलं असतं. तो म्हणाला, बाबा रात्री स्वतः शर्ट बदलून झोपले. आणि अंगात होता तो असा, दुकानातून आणलेला, माझा हात न लागलेला, गळ्यापर्यंत बटणं लावलेला." मग त्या नटाकडे वळल्या. "काका, बोटं थरथरू द्या आणि हा लावून दाखवा."

म्हातारा कसलेला नट होता. पाच मिनिटं झगडला तेव्हा कुठे एक बटण काजात अर्धं शिरलं, आणि निसटलं. दिवेवाले, चहावाला, सगळे जागच्या जागी थांबले. म्हाताऱ्याने डोळे पुसले आणि दिग्दर्शकाला सांगितलं, "हे घ्या. स्वप्नात मी येणार नाही."

बाईंनी तिथल्या तिथे सही केली.

तो भाग लागला त्या संध्याकाळी बाई मुद्दाम आईशेजारी जाऊन बसल्या. पडद्यावर म्हातारा बटणाशी झगडला, मुलीने काजं शिवून बंद केली. मग सकाळ झाली, आणि पांढऱ्या शर्टाची गळ्यापर्यंत लावलेली बटणं दिसली. आईने टीव्ही बंद केला. आता ही उठून आत जाणार, असं बाईंना वाटलं. आई उठली नाही.

"त्याने दाराआडून मागितला," आई म्हणाली. अकरा वर्षांनंतरचं पहिलं वाक्य. "म्हणाला, बाबांना ओकारी झाली, दुसरा शर्ट दे. मी कपाटातला नवा काढून दिला. आत डोकावलेसुद्धा नाही. सकाळी बटणं पाहिली आणि कळायचं ते कळलं."

"मग बोलली का नाहीस?"

"पोलिसांना म्हटलं, मला काही माहीत नाही. त्याचीही आईच ना मी. तू कोर्टात एकटी उभी राहिलीस. त्यानंतर तुझ्याशी कुठल्या तोंडाने बोलणार होते?"

बाईंना राग आला. अकरा वर्षं त्या स्वतःला दोष देत झुरल्या होत्या, आणि ही सगळं जाणून समोर बसून जेवत होती. त्या रागातच त्यांनी आईचा हात घट्ट धरला. दोघींनाही रडू आवरेना.

बऱ्याच वेळाने आईने पदराने तोंड पुसलं.

"पुढचे भाग अजून व्हायचेत ना?" तिने विचारलं. "मग त्या पोरीला उद्या बोलाव. म्हणावं, शर्ट कोणी दिला, तेही दाखवा."