रविवारच्या आत एक मत, दोन उत्तरं

ग्रंथपालांच्या ऑनलाइन प्रमाणपत्र अभ्यासक्रमातल्या चर्चेचा नियम मीच लिहिला होता. दर आठवड्याला प्रत्येकानं एक स्वतःचं मत मांडायचं आणि रविवारच्या आत दुसऱ्या दोघांना उत्तर द्यायचं. नुसतं 'छान' किंवा 'सहमत' लिहिलं तर शून्य. मी शिवाजी पेठेत वाढले. आमच्याकडे गप्प बसणाऱ्याला लोक 'बरं न्हाय काय गा?' असं विचारतात. बोलणाऱ्याची मातीही विकली जाते आणि न बोलणाऱ्याचं सोनंही विकलं जात नाही, हे मी पहिल्याच तासाला सगळ्यांना ऐकवून टाकलं होतं.

त्या तुकडीत गडहिंग्लजजवळच्या एका गावातली, एकाच घरातली दोन माणसं होती. एक गृहस्थ गावचं वाचनालय सांभाळत. दुसरी त्यांच्या धाकट्या भावाची बायको. ती शाळेच्या ग्रंथालयात तात्पुरती कामाला होती आणि हे प्रमाणपत्र मिळालं तरच शाळा तिला ठेवणार होती. गृहस्थ चर्चेत भरभरून लिहीत. हिच्या नावापुढे मात्र दर आठवड्याला शून्य. चौथ्या आठवड्यात माझं डोकं फिरलं आणि मी सगळ्यांसमोर, तिचं नाव घेऊन लिहिलं, "आपण इथं बघायला आला आहात की शिकायला?"

खाली त्या गृहस्थांनीच उत्तर दिलं. "लिहील ती. मी सांगतो तिला."

दुसऱ्या दिवशी दुपारी तिचा फोन आला. आवाज इतका बारीक की मला पंखा बंद करावा लागला.

"मॅडम, लिवलंय की मी सगळं. वहीत हाय."

"मग चर्चेत का टाकत नाही?"

"थोरलं भावजी हाईत त्यात. घरात मी त्यांच्यासमोर बसत सुदीक न्हाय. त्यांच्या म्हणण्यावर मी कसं लिवायचं? वहीचं फोटू तुमास्नी धाडलं तर चालंल काय?"

मला राग आला, त्या भावजींचा आणि तिचाही. या काळात असलं काय घेऊन बसलीस, असं मी तिला सुनावलं. नियम सगळ्यांना सारखा, फोटो धरता येणार नाहीत, हेही सांगितलं. तुकडीचे दोन गट पाडून तिला दुसऱ्या गटात घालणं हे दोन मिनिटांचं काम होतं. ते मला सुचलं नाही असं नाही. एकीसाठी गट पाडायचे म्हणजे माझा नियम वाकवायचा, आणि ते मला नको होतं.

पुढचे आठवडेही कोरेच गेले. शेवटच्या आठवड्याचा विषय होता, गावच्या वाचनालयात बायका का येत नाहीत. गृहस्थांनी लिहिलं की वाचनालय सर्वांना खुलं आहे, बायकांनाच वाचनाची आवड नाही. रविवारी दुपारी तिचं मत आलं, एकीला उत्तर आलं, आणि मग गृहस्थांच्या मताखाली हे.

"भावजी, माफ करा. बायका दारापर्यंत येतात. दारात तुम्ही आणि तुमचे मित्र खुर्च्या टाकून पेपर वाचत बसता. तुम्हाला ओलांडून आत कसं जायचं? मी स्वतः तीनदा परत गेले आहे."

इतक्या वर्षांत माझ्या कुठल्या विद्यार्थ्यानं इतकं नेमकं लिहिलं नव्हतं. मी तिला पूर्ण गुण दिले. मला स्वतःचाही अभिमान वाटला. बघा, बोलती केली, असं मी घरात सांगितलंसुद्धा.

आधीची शून्यं तशीच होती. ती थोडक्या गुणांनी नापास झाली, गृहस्थ पास झाले. शाळेनं दुसरी बाई घेतली. निकालानंतर मीच तिला फोन केला. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं.

"नियम त्यो नियम, मॅडम. तुमच्यावर राग न्हाय माजा," ती म्हणाली. मग तिनं विचारलं, "शेवटचं लिवल्यालं बरं हुतं न्हवं?"

सगळ्यांत चांगलं होतं, असं मी सांगितलं.

"व्हय," ती म्हणाली. "त्या दिसापासनं भावजी माज्या हातचा च्या घेत न्हाईत."