हौसाताई आणि घोंगडीची सहा नावं

हौसाताई माझ्या कॉम्प्युटर क्लासमध्ये पहिल्यांदा आल्या त्याच भांडत. नारायणगावच्या स्टँडवर रिक्षावाल्याशी सुरू झालेलं भांडण त्यांनी जिना चढत वर आणलं, माझ्या दारात संपवलं आणि खांद्यावरची काळी घोंगडी सरळ कीबोर्डवर टाकली.

"हात फिरव," म्हणाल्या. मी फिरवला.

"टोचली?"

"टोचली."

"टोचणारच. मेंढराची लोकर हाय ती. आता ही इंटरनेटवर कशी टोचवायची ते सांग, मास्तर."

खोडदच्या शिवारात, रेडिओ दुर्बिणीच्या त्या अवाढव्य तबकड्यांच्या पलीकडे त्यांची वस्ती होती. घरची मेंढरं होती. वस्तीवरच्या बायका टकळीवर सूत काढायच्या, हौसाताईंच्या सासूबाई, चंद्राबाई, खड्ड्यातल्या मागावर बसून विणायच्या, चिंचोक्याची खळ लावायच्या, आणि हौसाताई विकायच्या. विकायच्या म्हणजे गिऱ्हाइकाशी भांडायच्या. "जरा मऊ नाही का?" असं कुणी विचारलं की म्हणायच्या, "मऊ पायजे तर गादी घ्या, पावणं. ही अंग शेकती." लोक त्यांना भांडकुदळ म्हणत. त्यांच्या कानावर ते जाई. त्या म्हणत, "मी कवा कुणाला फुकट शिवी दिली न्हाई. ज्याला दिली त्यानं ती कमावलेली व्हती."

वस्तीवरच्या या बायकांनी मिळून गट केला होता, त्याची वेबसाइट मी बनवली. इंटरनेटवरचं नाव, म्हणजे डोमेन, एकच, गटाचंच. पहिल्या पानावर मागावर बसलेल्या चंद्राबाईंचा फोटो. म्हातारी फोटोत हसायला तयार नव्हती. "काम करताना कोण हसतं?" असं तिनं मला विचारलं होतं. त्या काळात आमच्याकडे इंटरनेट फोनच्या तारेवरून यायचं, रडतखडत. पण वर्षभरात मुंबईहून, नागपूरहून मागणी येऊ लागली.

मग तो आला. पुण्यातल्या एका प्रदर्शनात हौसाताईंच्या स्टॉलवर भेटलेला सल्लागार. भर उन्हाळ्यात टाय लावून वस्तीवर आला, चंद्राबाईंच्या पाया पडला, मेंढीचं पिल्लू मांडीवर घेऊन बसला. त्याचं म्हणणं ऐकायला बिनचूक होतं. घोंगडी हा शब्द इंग्रजी अक्षरांत लोक नाना तऱ्हांनी लिहितात. कुणी एक अक्षर गाळतो, कुणी एक वाढवतो, कुणी नुसतं ब्लँकेट म्हणून शोधतो. मग एकाच नावावर का राहायचं? आणखी पाच नावं घेऊ, सगळ्यांवर हीच साइट जशीच्या तशी ठेवू, म्हणजे शोधणारा कुठूनही आला तरी आपल्याकडेच येईल. दोन नावं गटाच्या नावावर झाली. उरलेली तीन त्यानं "कागदपत्रांचा त्रास तुम्हाला नको" म्हणून स्वतःच्या नावावर घेतली.

ही पद्धतच चुकीची होती, हे आता मला कुणीही सांगेल. सर्च इंजिनला सहा ठिकाणी तोच मजकूर, तेच फोटो दिसले की ते त्यातलं एक अस्सल धरतं आणि बाकीचे नकला म्हणून मागे टाकतं. नावं कितीही घ्या, पण एकच मुख्य ठेवा आणि बाकीची कायमची त्याच्याकडे वळवा, इतकं साधं ते आहे. त्या माणसाला हे ठाऊक नव्हतं असं मला अजिबात वाटत नाही. स्वतःच्या तीन नावांपैकी एकाला त्यानं ओळखीच्या पंधरा-वीस साइटींवरून दुवे, म्हणजे लिंक, देऊन ठेवले होते. दुवे जास्त म्हणून सर्च इंजिननं अस्सल म्हणून तेच उचललं. आमची मूळ साइट, जिच्यावरून हे सगळं उतरवून घेतलं होतं, ती गटाचं पूर्ण नाव टाकलं तरी सापडेना.

मागणी आटली. हौसाताईंना वाटलं, लोकांना घोंगडी नकोशी झाली. त्याच हिवाळ्यात चंद्राबाई गेल्या.

महिन्याभरानं नाशिकचे एक निवृत्त शिक्षक वस्तीवर आले. हातात घोंगडी आणि तिच्यासोबत आलेलं पत्रक. पत्रकावर चंद्राबाई, मागावर बसलेल्या, न हसणाऱ्या. त्यांची तक्रार होती की आईसाठी मागवली, तिला नुसता घाम फुटतो. हौसाताईंनी घोंगडी हातात घेतली आणि त्यांचा चेहराच बदलला. त्यांनी कडेचा एक धागा उपसला आणि त्याला आगकाडी लावली. खरी लोकर जळताना केस जळल्याचा वास येतो आणि हाती राख येते. हा धागा वितळला. टोकाला काळा, चकचकीत मणी झाला.

"प्लास्टिक," त्या म्हणाल्या. "माझ्या सासूच्या तोंडावर प्लास्टिक इकतोय कुणीतरी."

क्लासवर नेऊन मी त्यांना पत्रकावर छापलेली साइट उघडून दाखवली. मजकूर माझा, फोटो माझे, फक्त खालचा फोन नंबर बदललेला. नंबर त्या सल्लागाराचा होता.

दुसऱ्या दिवशी आम्ही एसटीनं पुण्याला गेलो. त्याच्या ऑफिसात एसी होता. त्यानं आम्हाला चहा मागवला, हौसाताईंनी कप हातानं बाजूला सारला. तो मला उद्देशून बोलत राहिला, जणू त्या तिथे नव्हत्याच. "सर, ती डोमेन माझ्या नावावर आहेत. कायद्यानं माझी आहेत. मी त्यावर काय विकायचं ते माझं मी ठरवीन."

"बरोबर आहे, पण आपण चर्चेनं..." मी म्हणालो.

"मास्तर, तू गप!" हौसाताई कडाडल्या. "ग्वाड बोलून बोलूनच गेलंय समदं." मग त्या त्याच्याकडे वळल्या. "नावं तुझी. बरं, तुझी. आन ही बाई? हीबी तुझ्या नावावर केलीस व्हय? तुझ्या मांडीवर पिल्लू दिलं तिनं. मेली ती. मेलेल्या माणसाला तू दुकानात बसवलंस!"

बाहेरच्या टेबलांवरची पोरं-पोरी उभी राहिली. तो म्हणाला, "बाई, एवढं मनाला लावून घेऊ नका. फोटो काढतो." त्यानं काढला नाही. परतीच्या एसटीत हौसाताई खिडकीशी बसल्या. मंचरला म्हणाल्या, "त्याची 'मनाला लावून घेऊ नका' म्हणायला जीभ कशी उचलली?" आणि खिडकीकडे तोंड फिरवून रडल्या. त्यांना रडताना मी तेव्हाच पाहिलं.

मग कामाला लागलो. गटाच्या हातातली दोन नावं मी मूळ नावाकडे कायमची वळवली. साइटवरचा सगळा मजकूर फेकून नव्यानं लिहिला. हौसाताई सांगत होत्या, मी टाइप करत होतो आणि शिव्या तेवढ्या गाळत होतो. फोटो आमचे आहेत म्हणून सर्च कंपनीकडे तक्रार केली. उत्तर येईना. पुन्हा केली. हौसाताई बाजाराच्या दिवशी यायच्या, खुर्ची ओढायच्या आणि घोंगडीची सगळी स्पेलिंगं एकेक करून टाकायला लावायच्या. दर वेळी वर तोच. त्या पडद्याकडे बोट रोखून म्हणायच्या, "बसलाय बघ चोर, देव्हाऱ्यात बसल्यावानी."

पावसाळा सरता सरता एके दिवशी तो तिथे नव्हता. सर्च कंपनीनं त्याची पानं शोधातून काढून टाकली होती. आमची साइट दुसऱ्या पानावर दिसली, दिवाळीनंतर पहिल्या पानावर आली. मी पेढे मागवायला निघालो, तर हौसाताईंनी हात धरून मला खाली बसवलं.

"पेढं कशाचं? ज्यांच्या अंगावर ते प्लास्टिक हाय त्यांचं काय? त्यांना वाटतंय आमीच फशिवलं."

त्यांनी सांगितलं ते मी आमच्या साइटच्या पहिल्या पानावर सर्वात वर, मोठ्या अक्षरात घातलं: या आजींचा फोटो लावून खोट्या घोंगड्या विकल्या गेल्या आहेत. तुमच्या घोंगडीचा एक धागा जाळून बघा. वितळला तर ती आमची नाही. आम्हाला फोन करा. धंद्याच्या साइटवर असं लिहू नये, गिऱ्हाईक बिचकतं, असं मी म्हणालो. "बिचकू दे," त्या म्हणाल्या. फोन येत राहिले. प्रत्येक फोन त्या स्वतः घेत, समोरच्याची चीड पूर्ण ऐकून घेत. एरवी कुणाचं वाक्य पुरं होऊ न देणारी बाई.

त्यानंतर काही वर्षांनी हौसाताईंना पोटाचा आजार निघाला आणि त्या फार लवकर गेल्या. दवाखान्यात मी गेलो तेव्हा त्या नर्सशी भांडत होत्या. शेजारच्या म्हातारीची सलाइन संपली होती आणि कुणी बघत नव्हतं.

त्यांचा तेरावा झाला त्याच आठवड्यात मला पुण्याहून फोन आला. आवाज मी लगेच ओळखला.

"सर, बाई गेल्याचं कळलं. फार वाईट झालं. एक विचारायचं होतं. त्यांच्या त्या मूळ नावाची मुदत पुढच्या महिन्यात संपतेय असं दिसतंय. तुम्ही पुढे चालवणार आहात, की सोडून देणार?"

मी फोन बंद केला. मुदत संपलेलं नाव कुणालाही विकत घेता येतं. बसल्या जागी कॉम्प्युटर सुरू केला आणि त्या नावाची मुदत दहा वर्षांनी वाढवली. त्याहून जास्त देत नाहीत.